आधी कान बघूया

(महाद्वार रोड, सकाळ. फुलांच्या टोपल्या.)

अंबाबाईची काकडआरती कधीच आटोपलीय. गजरे विकणाऱ्या मावशी टोपलीवर ओलं फडकं टाकतात आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढतात. दिवसभर दुसऱ्यांच्या अंबाड्याला फुलं देतात, स्वतः मात्र तीन वर्षांत गजरा माळलेला नाही. "माळायचा कशात?" म्हणून हसतात.

टाळूवर रुपयाएवढी चकती पडली तेव्हा शेजारणींनी निदान करून टाकलं: चाई. कुणी उंदरी म्हणालं. मग लसूण चोळला, कांद्याचा रस लावला. डोक्याची आग झाली, केस काही आले नाहीत. पुढं चकतीचा मधला भाग पांढरा पडायला लागला. "कोड उठलं की काय?" त्यांची झोपच उडाली.

(दवाखाना. डॉक्टरांच्या हातात भिंग.)

डॉक्टर म्हणाल्या, "मावशी, आधी कान बघूया."

"डोक्याचं दुखणं हाय म्याडम, कानाचं न्हवं."

"बघू तर द्या."

डाव्या कानाच्या वाटीत, बुगडीच्या खाली, काळपट खपली. चिमट्यानं अलगद उचलली तर तिच्या खालच्या अंगाला बारीक काटे. जुनी कोल्हापुरी चप्पल खिळ्याविना शिवतात. इथं मात्र खपलीलाच खिळे फुटलेले. केसाच्या छिद्रांत रुतून बसलेले हे काटे म्हणजे डिस्कॉइड ल्युपस या त्वचेच्या आजाराची मोठी खूण.

चाईत केसाचं मूळ शाबूत राहतं, म्हणून केस पुन्हा येऊ शकतात. ल्युपसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उलटते. सूज मुळापर्यंत उतरते आणि मुळाच्या जागी व्रण भरतो. छिद्रं बुजतात, कातडी तुकतुकीत होते. तिथं केस परत येत नाहीत. वाचवायचे असतात ते कडेचे.

पुस्तकांतली बहुतेक चित्रं गोऱ्या कातडीची, त्यामुळे सूज म्हटली की लाली शोधायची सवय लागते. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगावर ती लाली जांभळट किंवा तपकिरी दिसते. मधे पांढरं, कडेला काळं. कोडाला अशी खपली नसते, व्रणही नसतो.

(मनगट, नखं, गालाची आतली बाजू: एकामागून एक.)

केस असेच कायमचे घालवणारा दुसरा आजार लायकेन प्लॅनस या त्वचारोगाच्या कुळातला. त्याचा माग मनगटावर सापडतो, जांभळट, सपाट, खाजरे फोड. गालाच्या आत पांढरी जाळी. नखांवर उभ्या रेघा. कपाळावरची केसांची रेघ मागं सरकणारा त्याचा प्रकार १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियात स्टीव्हन कोसार्ड यांनी नोंदवला. पुढं २०१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या न्कोझा द्लोवा यांनी सावळ्या-काळ्या रुग्णांत या केसगळतीसोबत चेहऱ्यावर येणारे काळपट डाग मांडले. हे डाग बऱ्याचदा केसांच्या आधी येतात. आपल्याकडं त्यांना वांग समजून क्रीम लावत बसतात.

मावशींच्या टाळूचा चार मिलिमीटरचा तुकडा तपासणीला गेला. रक्त-लघवीही तपासली, कारण ल्युपस कधी कधी कातडीवर थांबत नाही. आता मलम आहे, डोळे तपासून सुरू केलेली हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी आहे, आणि ऊन टाळायचं आहे.

महाद्वारात बसणाऱ्या बाईनं ऊन टाळायचं!

(दुपार. तोच रस्ता.)

सावली सरकते तशी मावशी टोपली सरकवतात. शेजारचा नारळवाला आता न सांगता जागा देतो.