समेवरून मागे: लढाऊ विमान उतरवायला शिकताना

(पुण्यातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आधी जरा हात वर करायला लावते. लोहगाव, धानोरी, टिंगरेनगर, विमाननगर, या बाजूला राहणारे किती जण आलेत? अरे वा, निम्मं सभागृह. म्हणजे डोक्यावरून सुखोई गेलं की फोनवर ‘थांब हं जरा’ म्हणून गप्प उभी राहणारी मंडळी. (हशा) तुम्हाला वेगळी प्रस्तावना नको.

आमचं घर टिंगरेनगरला. सुखोई १९९७ मध्ये भारतात आली ती आपल्या लोहगावच्या तळावरच, त्यामुळे गच्चीवर वाळवण घालता घालता मान वर करणं गेली कित्येक वर्षं चालू आहे. चाकं टेकलेली आमच्या गच्चीवरून दिसत नाहीत, मधे इमारती येतात. पण आवाज येतो. उतरणाऱ्या लढाऊ विमानाचा आवाज नीट ऐका. तो एका लयीत कमी होत जात नाही. वाढतो, उतरतो, परत किंचित वाढतो. मला फार दिवस कोडं होतं, की खाली यायचंय तर इंजिन शांत होत जायला हवं, हा सारखा जोर कशाला लावतोय? शिवाय विमान येतं नाक वर धरून. नाक आकाशाकडे आणि प्रवास जमिनीकडे.

या कोड्याचं उत्तर मला सापडलं ते भाच्याच्या जॉयस्टिकमुळे. तो एनडीएच्या परीक्षेची तयारी करत होता आणि सुट्टीत आमच्याकडे राहायला आला होता. त्याच्या संगणकावर डीसीएस नावाचा सिम्युलेटर होता, म्हणजे खोटं विमान खऱ्यासारखं उडवायचा कार्यक्रम, त्यात एफ-१८ हॉर्नेट, विमानवाहू नौकेवर उतरणारं अमेरिकी लढाऊ विमान. ‘मावशी, बसून तर बघ,’ म्हणाला. बसले ती अजून उठलेले नाही. मी वैमानिक नाही, अठ्ठावीस वर्षं महाविद्यालयात गणित शिकवलं. आज जे सांगणार आहे ते शिकण्याबद्दल आहे आणि ते मी मनापासून मानते: विमान उतरवणं शेवटाकडून सुरुवातीकडे शिकावं. उड्डाण सगळ्यात शेवटी.

पण त्याआधी मनातलं एक बोलून टाकते. मी याबद्दल बोलायला लागले की लोक म्हणतात, ‘म्हणजे तुम्ही गेम खेळता.’ नातेवाईक म्हणतात, शेजारी म्हणतात, एका शाळेत मुलांसमोर बोलायला गेले तर तिथेही माझी ओळख ‘गेम खेळणाऱ्या आजी’ अशी करून दिली. मला याचं वाईट वाटतं, कारण या यंत्राचा इतिहास त्यांना कुणी सांगितलेलाच नाही.

तो सांगते. एडविन लिंक नावाचा तरुण, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनचा. वडिलांचा कारखाना पियानो आणि ऑर्गनचा. ऑर्गन म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगायला नको, आपल्या संगीत नाटकांनी तो कानात बसवलाय. भाता हलतो, हवा भरते, पट्टी दाबली की ती वाट काढते. लिंकला उडायला शिकायचं होतं आणि शिकवणी परवडत नव्हती. मग त्याने ऑर्गनचेच भाते घेतले, त्यांच्यावर एक छोटी लाकडी विमानाची खोकी बसवली आणि दांडा हलवला की भात्यात हवा भरून खोकी डोलेल अशी व्यवस्था केली. साल १९२९. म्हणजे जगातल्या सिम्युलेटरांचा हा पूर्वज वाद्यांच्या कारखान्यात जन्मला. मला ही गोष्ट फार आवडते, दर वेळी सांगते, आजही सांगणारच होते.

पुढचं ऐका. उड्डाणशाळांनी ते यंत्र घेतलं नाही. ते पहिल्यांदा खपलं जत्रेतल्या करमणुकीसारखं, मनोरंजन उद्यानांत, नाणं टाका आणि डोला. त्यालाही लोक खेळणंच म्हणाले! मग १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराकडे हवाई टपालाचं काम आलं. वैमानिकांना ढगात, धुक्यात फक्त काट्यांकडे बघून उडायची सवय नव्हती, आणि काही आठवड्यांत एकामागून एक तरणी माणसं गेली. तेव्हा लष्कराने लिंकची सहा यंत्रं विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांचे लाखो वैमानिक त्या डोलणाऱ्या खोकीत बसून शिकले. ‘गेम’ या शब्दापाशी मी अडते ती या माणसांसाठी.

असो. मुद्द्यावर येते. माझं विमान उतरताना काय होत होतं, ते सांगते.

धावपट्टी समोर दिसायची. विमान जरा खाली गेलंसं वाटलं की मी स्टिक, म्हणजे उजव्या हातातली दांडी, मागे ओढायचे, नाक वर करायला. क्षणभर विमान वर यायचं, बरं वाटायचं. आणि मग दगडासारखं खाली बसायचं. मी आणखी ओढायचे, ते आणखी बसायचं. धावपट्टीच्या अलीकडच्या शेतात. असं दिवसच्या दिवस.

त्याचं कारण असं. वेगात असताना स्टिक ओढली की विमान चढतं, हे खरं. पण उतरताना वेग इतका कमी असतो की हिशेब उलटतो. पंख हवेला जास्त कोनात भिडलेला असतो, त्याला अँगल ऑफ अटॅक म्हणतात, वैमानिक नुसतं अल्फा म्हणतात. कोन वाढवला की उचल वाढते खरी, पण हवेचा अडथळा त्याहून जास्त वाढतो. वेग पडतो, आणि पडलेल्या वेगाला तरंगत राहायला आधीपेक्षा जास्त इंजिन लागतं. म्हणून इथे दोन्ही हातांची कामं बदलतात. नाकाने वेग सांभाळायचा, उंची सांभाळायची डाव्या हातातल्या थ्रॉटलने, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्याने. उतारापेक्षा खाली गेलात तर थ्रॉटल किंचित पुढे, वर राहिलात तर किंचित मागे. जेट इंजिनाला जोर धरायला वेळ लागतो, त्यामुळे हे ‘किंचित’ आधीच द्यावं लागतं आणि लगेच थोडं परत घ्यावं लागतं. माझ्या गच्चीवरून ऐकू येणारा चढउतार तो हाच. वर कोणीतरी तरुण माणूस डाव्या हाताने उंची विणत येत होता.

हे सगळं मला कळलं होतं. वहीत आलेख काढले होते. तरी विमान शेतातच. कळणं आणि हाताला येणं यात अंतर असतं, ते कसं तुटलं ते ऐका.

आमच्या सोसायटीत एक तबल्याचे गुरुजी राहतात. वय झालंय, पण सकाळी रियाझाचा आवाज येतो. एकदा काही कागद द्यायला आले आणि मी काय करतेय ते बघत मागे उभे राहिले. मी उड्डाण करायचे, चौकोनी फेरी मारायचे, सात-आठ मिनिटांनी धावपट्टीसमोर यायचे आणि आपटायचे. पुन्हा उड्डाण. त्यांनी तीन फेऱ्या बघितल्या, एक शब्द बोलले नाहीत. चहा प्यायले. मग म्हणाले, ‘ताई, तुम्ही समेला नशिबावर सोडताय.’

मी म्हटलं, म्हणजे?

त्यांनी टेबलावरच बोटं वाजवली. ‘तिटकत गदिगन धा. तीन मात्रांचा तुकडा. तीनदा वाजवायचा, मधे दम नाही, म्हणजे नऊ मात्रा. सोळा मात्रांच्या तीनतालात शेवटचा धा समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, यायला हवा, तर उचलायचा कुठून?’ मी बोटं मोजली. नवव्या मात्रेवरून. ‘म्हणजे तालातल्या खालीच्या मात्रेवरून. आणि हे मी शोधलं कुठून? समेपासून मागे मोजत. मुलांना मी ही तिहाई शिकवतो ती आधी शेवटचा धा समेवर टाकायला लावून. नुसता धा. सम कशी लागते ते हाताला कळलं, की मग त्याच्या मागे गदिगन, मग तिटकत, मग मागचा तुकडा. पुढे कुठेही गेलं तरी मूल ओळखीच्या जागेकडेच चाललेलं असतं. तुम्ही दर वेळी सगळं आवर्तन वाजवता, आणि सम येईपर्यंत दमलेल्या असता.’

(टाळ्या) त्या टाळ्या त्यांच्या आहेत, मी पोचवीन.

मी त्या रात्री हिशेब केला. तासाभरात त्या शेवटच्या दहा-बारा सेकंदांना मी जेमतेम सात-आठ वेळा हात लावत होते. बाकी सगळा वेळ जे येतंच होतं त्यात जात होता.

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं म्हणतायत. ज्यासाठी तुम्हाला बोलावलं ते आता भरभर सांगते.

पहिला तुकडा. सिम्युलेटरमध्ये विमान थेट हवेत ठेवता येतं. धावपट्टीपासून अर्धा सागरी मैल, उंची जमिनीपासून सुमारे १६० फूट. तीन अंशांचा उतार तिथे एवढाच येतो. चाकं आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) खाली, ट्रिम करून, म्हणजे हात न लावता विमान त्याच कोनात राहील असं जुळवून, अल्फा ८.१ अंशांवर बसवलेला, हॉर्नेटचा तो ठरलेला आकडा. वेग साधारण १४० नॉट (ताशी सागरी मैल), म्हणजे सेकंदाला बारा फूट खाली. स्टिक सोडून द्यायची. खरंच सोडायची, उजवा हात मांडीवर. समोरच्या काचेवर एक छोटं वर्तुळ दिसतं, विमान खरोखर कुठे चाललंय ते दाखवणारं. नाकाकडे बघायचं नाही, त्या वर्तुळाकडे बघायचं आणि ते डाव्या हाताने धावपट्टीच्या सुरुवातीवर धरून ठेवायचं. टेकताना नाक ओढायचं नाही, हॉर्नेटची चाकं नौकेवर आदळण्यासाठीच बनवली आहेत. तेरा सेकंदांत टेकता. पुन्हा तिथेच. तासाला शंभराच्या आसपास वेळा होतं.

एक पुणेरी सूचना. लोहगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून १९०० फुटांच्या वर आहे. तिथे सराव करणार असाल तर २०० फुटांवर असताना उंचीमापक २१०० च्या पुढे दाखवेल. घाबरू नका.

दुसरा तुकडा, दीड मैलावरून. तेच, फक्त लांब, आणि रेषेत राहायला पंख किंचित कलवायचे. तिसरा, शेवटचं वळण, ६०० फुटांवरून. इथे पहिल्यांदा ट्रिम तुम्ही स्वतः करायचा. चौथा, ८०० फुटांवर ३५० नॉटने धावपट्टीवरून जाऊन वळणं आणि वेग उतरल्यावर चाकं काढणं. प्रत्येक तुकडा मागच्या ओळखीच्या जागी येऊन संपतो. उड्डाण पाचवं. ते एका संध्याकाळी येतं.

हे केवळ गुरुजींचं आणि माझं मत नाही. १९८७ मध्ये वाइटमन आणि सिस्ट्रंक या संशोधकांनी विमानवाहू नौकेवर उतरण्याचा शेवटचा टप्पा सिम्युलेटरवर असाच मागून जोडत शिकवला, आणि असे शिकलेले लोक, सगळं सलग शिकलेल्यांपेक्षा चांगले ठरले. आपल्याकडचंच बघा. नौदलाचं तेजस ११ जानेवारी २०२० रोजी आयएनएस विक्रमादित्य या विमानवाहू नौकेवर उतरलं, कमोडोर जयदीप मावळणकर यांच्या हातून. पण त्याआधी, सप्टेंबर २०१९ मध्ये, ते गोव्यात आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाई तळावर, नौकेवर विमान थांबवायला असते तशा, पण जमिनीवरच्या तारेत अडकवून थांबवलं होतं. समुद्र नाही, हलणारी नौका नाही, फक्त ती तार. शेवटचा धा आधी.

हात जड असेल तर काय, हा प्रश्न मघाशी पहिल्या रांगेतून आला होता. १९७४ मध्ये वायएफ-१६, म्हणजे एफ-१६ लढाऊ विमानाचा पहिला नमुना, धावपट्टीवर नुसतं पळवून बघत असताना त्याचे पंख डावी-उजवीकडे हिंदकळायला लागले, कारण स्टिक फारच हळवी ठेवली होती. वैमानिक फिल ओस्ट्रायकरने ते तसंच हवेत नेलं, सहा मिनिटांनी नीट उतरवलं. त्यानंतर स्टिक कमी हळवी केली गेली. तुमच्याही जॉयस्टिकचा हळवेपणा सेटिंगमध्ये कमी करता येतो, तो आधी करा. हाताला दोष नंतर.

वेळ संपली. मागच्या टेबलावर दोन संगणक लावून ठेवलेत, भाचा तिथे बसलाय. विमान अर्ध्या मैलावर, ट्रिम करून, थांबवून ठेवलंय. थ्रॉटल डावीकडे, पॉज काढायच्या कळीवर पिवळी चिकटपट्टी लावली आहे. रांगेत लहान मुलं आधी, आणि ज्यांना ऐकू कमी येतं त्यांच्यासाठी हेडफोन आहे, कारण इंजिनाचा आवाज ऐकत ऐकतच ते येतं.