छोट्या स्टोव्हवर मोठा टोप

मंडळी, कॅम्पिंगचा छोटा गॅस स्टोव्ह मुळात एकट्यादुकट्याच्या मगासाठी बनवलेला असतो. आपण मात्र रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या वाळूत त्यावर चौघांच्या भाताचा टोप चढवतो. तो डुगडुगला की कोणी टोप टेकायच्या स्टोव्हच्या दांड्यांना पट्ट्या जोडून त्या लांबवतो. असं करू नका. दांडी लांबली की तिच्या रिव्हेटवर जोर येतो आणि तापल्यावर ती वाकते. टोपाचं ओझं वेगळ्या तिवईवर द्या. जेट (गॅस बाहेर पडतो ते बारीक भोक), व्हॉल्व्ह, नळी यांना हात लावायचा नाही.

त्यातही स्टोव्ह नळीवाला घ्या, म्हणजे गॅसची डबी बाजूला राहते. डबीच्या डोक्यावर बसणाऱ्या स्टोव्हवर रुंद टोप ठेवला की बुडाची धग खाली डबीवर येते, आणि डबी ५० अंशांच्या वर तापता कामा नये. हात लावून चटका बसला तर स्टोव्ह लगेच बंद.

आता माप. मूळ दांड्यांवर स्टीलची पट्टी आडवी टाका आणि बर्नरच्या माथ्यापासून पट्टीच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. समजा ते अडीच सेंमी आलं, तर नव्या तिवईवरही टोपाचं बूड तेवढ्याच उंचीवर हवं. अंतर कमी पडलं की ज्योत थंड बुडाला आपटते, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, म्हणून तंबूत स्टोव्ह पेटवायचाच नाही. अंतर जास्त झालं तर वारा धग पळवतो आणि गॅस फुकट जातो.

टोप २० सेंमी रुंद असेल तर तिवईची वरची गोल कडी १५ सेंमी व्यासाची पुरते. ६ मिमीची ३०४ प्रतीची स्टेनलेस स्टीलची सळई घ्या. कडीला सुमारे ४७ सेंमी लागते. बर्नरचा माथा जमिनीपासून ८ सेंमीवर असेल, तर बूड साडेदहावर हवं. कडीची जाडी वजा केली की पायांची उभी उंची ९.९ सेंमी. पाय खाली अडीच सेंमी बाहेर फाकवायचे, म्हणून प्रत्येकाची लांबी १०.२. टोप सरकू नये म्हणून बुडाच्या बाहेरच्या बाजूने तीन छोटे खुंट. एक मीटर सळईत सगळं बसतं. वेल्डरला टोप आणि स्टोव्ह दोन्ही नेऊन दाखवा, नुसत्या कागदावर विसंबू नका. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली तार किंवा जाळी मात्र नको, तापल्यावर जस्ताचा धूर येतो. खाऱ्या हवेत ३०४ वरही तांबूस डाग पडतात. गोड्या पाण्याने धुऊन कोरडं पुसलं की झालं.

वाळूत खरी गोम वेगळीच आहे. भरल्या टोपाने तिवईचे पाय रुततात, मध्ये ठेवलेला हलका स्टोव्ह तसाच राहतो, आणि जपून राखलेलं अडीच सेंमी पाहता पाहता दीडवर येतं. म्हणून दोन्ही एकाच फळीवर ठेवा. ३० सेंमी चौरस जाड प्लाय, वर ॲल्युमिनियमचा पत्रा. सड्यावरच्या, म्हणजे कोकणातल्या कातळपठारावरच्या खडबडीत जांभ्यावरही हीच फळी कामाला येते.

वाऱ्याला आडोसा पातळ पत्र्याचा करा, टोपापासून बोटभर लांब. डबी आडोशाच्या बाहेर. दुपारनंतर खारे वारे समुद्राकडून येतात आणि पहाटे मतलई वारे जमिनीकडून, त्यामुळे संध्याकाळचा आडोसा सकाळच्या चहाला फिरवावा लागतो.

बर्नर लहान, टोप रुंद, म्हणून भात मधोमध करपतो आणि कडेला कच्चा राहतो. पातळ स्टीलमध्ये हे जास्त जाणवतं. जाड बुडाचा ॲल्युमिनियमचा टोप धग नीट पसरवतो, पण त्यात आगळ (कोकमाचा आंबट रस) घातलेली कढी ठेवू नका; आंबट पदार्थाला स्टील बरं. उकडा तांदूळ आधी भिजवून घेतला तर गॅस वाचतो.

बाहेर नेण्याआधी चाचणी घरच्या अंगणात. टोपात तीन लिटर पाणी भरा आणि स्टोव्ह न पेटवता कड बोटाने ढकला. पाय उचलला गेला तर पाय आणखी फाकवायला हवेत. फाकवले की तिवई थोडी खाली जाते, तेव्हा उंची पुन्हा मोजा. मग डबी आणि नळीच्या जोडावर साबणाचं पाणी लावून गॅस सोडा. बुडबुडे आले तर पेटवू नका, डबी काढून आटे बघा. बहुधा वाळूचा कण अडकलेला असतो, नाहीतर रबरी रिंग चिरलेली असते. कण ब्रशने झाडा, रिंग चिरली असेल तर बदलाच. पेटवल्यावर ज्योत निळी हवी. टोप ठेवल्यावर टोकं पिवळी झाली तर अंतर कमी पडलंय, पायाखाली चकत्या घालून दोन-तीन मिलिमीटर वाढवून बघा.