माल आहे, पण कुठे आहे?

श्रोतेहो, नमस्कार. १७६० साली सदाशिवरावभाऊ पानिपतच्या मोहिमेवर निघाले ते आपल्या जालना जिल्ह्यातल्या परतूरहून. पुढे रसद तुटली आणि फौज उपाशीपोटी लढली. धान्य, इंधन, दारूगोळा, गाड्यांचे सुटे भाग ही सगळी रसदच. आज तिचा हिशेब संगणकावर आला आहे.

आमच्या जिंतूरकडचे एक निवृत्त सुभेदार आहेत. उभी नोकरी ऑर्डनन्समध्ये, म्हणजे सैन्याच्या कोठारात झाली. त्यांचा एक किस्सा मी जाईन तिथे सांगतो. डोंगरातल्या एका तुकडीचा ट्रक फ्युएल पंपावाचून, म्हणजे इंजिनाला इंधन पोचवणाऱ्या सुट्या भागावाचून अडला होता. तुकडीनं इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद पाठवला. डेपोतल्या कारकुनानं कार्ड पाहून शेरा मारला, ‘शिल्लक नाही’. दुसरा इंडेंट आला, शेरा तोच. तिकडे जवान शिधा खेचरांवर लादून वर चढवत होते. सुभेदारांच्या मनाला ते लागलं. रविवारी शेडची किल्ली घेतली आणि एकेक रॅक स्वतः तपासला. तर पंप तिथेच! मेणकागदात गुंडाळलेले, ग्रीस लावलेले, पेटीच्या पेटी भरून. झालं होतं असं, की पार्ट नंबरातला इंग्रजी एक कुणीतरी सात वाचला आणि तसाच बिन कार्डावर, म्हणजे साठ्याच्या नोंदीच्या कार्डावर उतरवला. म्हणजे माल कोठारात होता, कागदावर नव्हता. पुन्हा सांगतो, माल कोठारात होता, कागदावर नव्हता!

 

अमेरिकेसारख्या देशाचीही हीच गत झाली. १९९१ च्या आखाती युद्धात सुमारे ४० हजार कंटेनर वाळवंटात पोचले. आत काय आहे हे कळेना, म्हणून निम्म्याहून जास्त फोडून पाहावे लागले. त्यानंतर त्यांनी कंटेनरला रेडिओ टॅग लावले. पेटी न उघडता आतली यादी कळते, पेटी कुठवर पोचली तेही कळतं. आपल्या ऑर्डनन्स कोअरनंही साठ्याच्या नोंदी संगणकावर घेतल्या. रेशन दुकानात अंगठा लावताच धान्याची नोंद होते ना, तसंच इथे बारकोड वाचला की साठा वजा होतो. एकाचा सात होत नाही.

लडाखचा हिशेब तर फार काटेकोर लागतो. हिवाळ्यात बर्फानं खिंडी बंद होतात, म्हणून रॉकेलपासून औषधापर्यंत सगळं उन्हाळ्यातच वर पोचवावं लागतं. मागच्या वर्षी कुठल्या चौकीवर किती खर्च झालं, हे हाताशी असेल तरच यंदाचा अंदाज बरोबर येतो. मात्र नोंद चुकीची भरली तर संगणकही चुकीचंच सांगणार. म्हणून पेट्या प्रत्यक्ष मोजणं सुटत नाही.

गावात सत्कार होतो तो सीमेवर लढलेल्यांचा. रसद पोचवणाऱ्यांनाही त्याच व्यासपीठावर बसवा, हे माझं आग्रहाचं म्हणणं आहे. आणि बारावी झालेल्या मुलांनो, सैन्याच्या अग्निवीर भरतीत ऑफिस असिस्टंट आणि स्टोअरकीपर टेक्निकल असा वेगळा प्रवर्ग असतो. गुणांची अट जाहिरातीत नीट वाचा आणि अर्ज जरूर करा.