मात्रा मोजणारा चित्रकार : विल्यम हॅना

मित्रहो, 'टॉम अँड जेरी'मध्ये टॉमची शेपटी कशात तरी चिरडली जाते, त्याचा चेहरा क्षणभर जागच्या जागी थिजतो आणि मगच ती प्रसिद्ध किंकाळी फुटते. आपल्याला हसू येते ते त्या मधल्या थिजलेल्या क्षणामुळे. तो क्षण किती चौकटींचा, म्हणजे फिल्मवरच्या किती चित्रांचा असावा, हे या मालिकेच्या दोन जनकांपैकी एक, विल्यम हॅना ठरवत असत. किंकाळीही त्यांचीच असे.

हॅना यांचा जन्म 1910 साली न्यू मेक्सिकोतील मेलरोज या गावी झाला. महामंदीत कॉलेज सुटले, काही दिवस त्यांनी मोटारी धुतल्या आणि 1930 साली हार्मन-आयझिंग यांच्या कार्टून स्टुडिओत त्यांना काम मिळाले. चित्रकलेत आपला हात फारसा चालत नाही, हे ते मोकळेपणाने मान्य करत. त्यांची खरी जाण संगीताची होती. पुढे एमजीएम या हॉलिवूडच्या चित्रपट कंपनीत जोसेफ बार्बेरा भेटले, दोघांनी मिळून 'टॉम अँड जेरी' घडवली आणि कामाची वाटणी जणू आपोआपच झाली: बार्बेरा यांनी प्रसंग रचून रेखाटायचे आणि हॅना यांनी त्यांना लय द्यायची. सेकंदाला चोवीस चौकटी या हिशेबाने, बारा चौकटींची एक मात्रा धरली तर सेकंदात दोन मात्रा बसतात. अशा मोजणीवर पाऊल कुठे पडेल आणि तवा कुठे आदळेल हे आधी कागदावर मांडले जाई, आणि स्कॉट ब्रॅडली यांचे संगीत त्या मांडणीशी नेमके जुळे. या मालिकेला सात ऑस्कर मिळाले, त्यात या मोजणीचा वाटा फार मोठा आहे, असे मी मानतो.

1957 साली एमजीएमने आपला कार्टून विभागच बंद केला, कारण जुने लघुपट पुन्हा दाखवले तरी जवळपास तेवढीच कमाई होते, असे हिशेबात दिसले होते. दोघांनी स्वतःचा स्टुडिओ काढला आणि ते दूरचित्रवाणीकडे वळले, पण तिथे पैसा अगदीच तुटपुंजा होता. त्यांच्या दूरचित्रवाणीवरच्या योगी बेअर या कार्टून अस्वलाच्या गळ्यातली कॉलर नीट पाहा. त्या कॉलरपाशी धड आणि डोके यांचा सांधा लपतो. त्यामुळे धडाचे चित्र तेच ठेवून फक्त डोके नव्याने काढता येते, आणि हजारो चित्रांची मेहनत वाचते.

कार्टून दिग्दर्शक चक जोन्स यांनी अशा कामाला 'सचित्र रेडिओ' म्हटले. हालचालीतली श्रीमंती गेली, ही त्यांची तक्रार खरी आहे, आणि 'टॉम अँड जेरी'वर प्रेम करणाऱ्या माझ्यासारख्याला ती उणीव आजही जाणवते. तरीही थिएटरांसाठीचे लघुपट बंद पडत असताना अनेक चित्रकारांना या स्टुडिओने काम दिले. 1960 साली रात्रीच्या मुख्य वेळेत सुरू झालेली 'द फ्लिंटस्टोन्स' ही त्याच काटकसरीतून उभी राहिलेली मालिका 166 भाग चालली.

हॅना 2001 साली वारले. 2021 साली आलेल्या 'टॉम अँड जेरी' चित्रपटात टॉमसाठी त्यांचाच जुना ध्वनिमुद्रित आवाज वापरला आहे.