गढूळ पाण्यातले कान

(दृश्य: डहाणूचा किनारा, भरतीची वेळ. बंदरातून बाहेर पडणाऱ्या मच्छीमार बोटी.)

पालघरपासून मुंबईपर्यंतचा हा समुद्र गढूळ. खाड्यांतून गाळ येतो, भरती-ओहोटी तळ ढवळून काढते. अशा पाण्यात डोळ्यांना फार लांबचं दिसत नाही. इथले जीव जगतात ते कानांच्या भरवशावर. हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, समुद्रात जवळजवळ 1,500 मीटर.

(दृश्य: बोटीवरून पाण्यात सोडला जाणारा हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा माइक. फक्त पाण्याखालचा आवाज.)

हा तडतडाट ऐका. गरम तेलात मोहरी पडावी तसा. तो करते बोटभर लांबीची एक कोळंबी. तिची एक नांगी दुसरीपेक्षा खूप मोठी. ती इतक्या झटक्यात मिटते, की पाण्याची चिळकांडी सुटते आणि तिच्यामागे एक बुडबुडा तयार होतो. आवाज येतो तो बुडबुडा फुटल्याचा.

घोळ आणि ढोमा यांच्या कुळातले मासे तर घुमतात. पोटातल्या हवेच्या पिशवीलगतचे स्नायू भराभर आकुंचन पावतात आणि पिशवी ढोलासारखी वाजते. विणीच्या दिवसांत नर अशी साद घालतात. ही पिशवी म्हणजेच भोत. घोळीच्या भोताला परदेशात प्रचंड भाव, म्हणून जाळ्यात घोळ लागली की किनाऱ्यावर दिवाळी. ज्या अवयवाने हा मासा जोडीदाराला हाक मारतो, त्याच अवयवापायी तो विकला जातो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. गोव्यात ग्रँड आयलंडपाशी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी माशांचे असे समूहस्वर ध्वनिमुद्रित केले आहेत.

(दृश्य: पाठीवर उंचवटा असलेला डॉल्फिन श्वास घ्यायला वर येतो. पाठोपाठ पिल्लू.)

हा हम्पबॅक डॉल्फिन, कोकणातला गादा. जगभरात धोक्यात आलेली जात. तो खोल समुद्रात जात नाही, किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातच राहतो. टिकटिक आवाज सोडायचा, माशावर आपटून परतलेला प्रतिध्वनी खालच्या जबड्यातून ऐकायचा आणि गढूळ पाण्यात नेमकी शिकार धरायची, ही त्याची रीत. एकमेकांना साद घालायची ती शिट्ट्यांनी.

आणि नेमक्या याच उथळ पट्ट्यात आपली सगळी वर्दळ. मोठ्या जहाजाचा पंखा फिरतो तेव्हा पात्यांवर असंख्य बुडबुडे तयार होऊन फुटतात. जहाजाचा बराचसा गोंगाट तिथलाच. त्यात पर्यटकांच्या बोटी. डॉल्फिन दिसला की चहूबाजूंनी इंजिनं त्याच्यावर धावून जातात. हे पाहवत नाही. दोष एकट्या बोटवाल्याचा नाही, ‘अजून जवळ घ्या’ म्हणणारे आपणच असतो. लांबूनच वेग कमी करायचा, कळपाची वाट अडवायची नाही, पिल्लू आणि आई यांच्यामध्ये बोट घालायची नाही. डॉल्फिन तरीही दिसतो.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. कॅनडाचा किनारा, राइट व्हेल.)

सप्टेंबर 2001. अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर कॅनडाच्या फंडीच्या उपसागरात जहाजांची ये-जा एकदम रोडावली. पाण्याखालचा आवाज 6 डेसिबलने उतरला. तिथे शास्त्रज्ञ राइट व्हेलची विष्ठा आधीपासूनच गोळा करत होते. त्या दिवसांतल्या नमुन्यांत ताणाची संप्रेरकं घटलेली आढळली. तेलाचा तवंग वर्षानुवर्षं छळतो, आवाजाचं तसं नाही. तो थांबला की पाणी तत्क्षणी मोकळं होतं.

(दृश्य: पुन्हा डहाणू. क्षितिजाकडे वळणारा कॅमेरा.)

इथून जवळच होणाऱ्या वाढवण बंदराचं भूमिपूजन 30 ऑगस्ट 2024 रोजी झालं. खर्च 76,220 कोटी रुपये. समुद्रात 1,448 हेक्टर भराव आणि 10 किलोमीटरहून लांब लाटरोधक बांध. जमीन, जाळी आणि पोटापाण्याबद्दल कोळी बांधव बोलत आलेच आहेत. आवाजाबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही.

जर्मनीत समुद्रात पवनचक्क्यांचे खांब ठोकताना होणाऱ्या आवाजाला 750 मीटर अंतरावर 160 डेसिबलची मर्यादा पाळावी लागते. त्यासाठी खांबाभोवती तळाशी भोकं पाडलेली नळी टाकतात, तिच्यातून हवा सोडतात, आणि बुडबुड्यांचा पडदा आवाज अडवतो.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. वाढवणच्या पाण्यात हायड्रोफोन कायमचे बसवा. मर्यादा किती डेसिबलची, किती अंतरावर, आणि ती ओलांडली तर काम कोण थांबवणार, हे लिहून द्या. आणि मोजलेले आकडे दर महिन्याला किनाऱ्यावरच्या प्रत्येक मच्छीमार सोसायटीच्या फलकावर मराठीत लावा.