कुकरची शिट्टी काय सांगते? फसफसणं, गळणं, काळं पडणं यावर घरच्या घरी उपाय

नमस्कार मंडळी. आज ओट्यावर एकच वस्तू आहे, कुकर. साधा, पाच लिटरचा, अॅल्युमिनियमचा. रोज दोन वेळा लागतो, आणि बिनसला की सगळा स्वयंपाक अडतो. शिट्टी होत नाही, शिट्टीतून पिवळं पाणी उडतं, डाळ शिजत नाही, तळ काळा पडतो. या बहुतेक तक्रारी दुकानात न जाता सुटतात. फक्त आत काय चाललंय ते कळायला हवं.

आधी शिट्टीबद्दल. शिट्टी म्हणजे एक वजन. आतल्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोने वाढला की हे वजन उचललं जातं आणि जास्तीची वाफ बाहेर पडते. त्या दाबाला पाणी १०० अंशांना न उकळता साधारण १२० अंशांपर्यंत तापतं, म्हणून डाळ लवकर शिजते. आता गंमत बघा. पहिली शिट्टी झाली याचा अर्थ दाब पूर्ण भरला. त्यानंतर गॅस कितीही मोठा ठेवला तरी आतलं तापमान वाढत नाही, फक्त वाफ वाया जाते. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या चार मिनिटांत होतील आणि बारीक आचेवर त्याच तीन शिट्ट्यांना पंधरा मिनिटं लागतील. म्हणून ‘तुरीला तीन शिट्ट्या’ हा हिशेब एका घरातून दुसऱ्या घरात गेला की फसतो.

घड्याळ लावा. मोठ्या आचेवर पहिली शिट्टी होऊ द्या, गॅस बारीक करा आणि तिथून मिनिटं मोजा. अर्धा तास भिजवलेली तूरडाळ डब्यात असेल तर आठ ते दहा मिनिटं. रात्रभर भिजवलेले हरभरे किंवा राजमा असेल तर पंधरा ते वीस. गॅस बंद केल्यावर वाफ जिरेपर्यंतही आत शिजणं चालूच असतं, ती आठ-दहा मिनिटंही हिशेबात धरा. बारीक आचेवर एकही शिट्टी झाली नाही तरी घाबरू नका. वजन अधूनमधून हलतंय, बारीक फुसफुस ऐकू येतेय, म्हणजे दाब जागेवर आहे.

ज्या कुकरची शिट्टी काढता येते, तिथे आणखी एक सवय लावा. झाकण लावल्याबरोबर शिट्टी ठेवायची नाही. नळीतून वाफेची सरळ धार यायला लागली की मग ठेवायची. सुरुवातीला आत हवा असते. ती कोंडली गेली तर दाब दिसतो पण तापमान तेवढं चढत नाही, आणि मग ‘शिट्ट्या झाल्या तरी डाळ कच्ची’ असं होतं. ज्यांच्या झाकणाला शिट्टी कायमची बसवलेली आहे, त्यांना हे लागू नाही.

आता वरण-भाताचा कुकर लावूया.

तळाशी पाणी किती? पाच लिटरच्या कुकरला ४०० ते ५०० मिली, म्हणजे दोन मोठे कप. कमी घातलं तर तळ कोरडा पडतो. जास्त घातलं तर डबा तरंगतो, खडखड वाजतो आणि तळाचं पाणी वरणात शिरतं. जाळी खाली ठेवायची, त्यावर वरणाचा डबा, त्यावर भाताचा. वरण खाली का? डाळीचा फेस शिट्टीपासून लांब राहतो, आणि डाळ उतू गेलीच तर भात पिवळा होत नाही.

शिट्टीतून पिवळं पाणी उडून गॅस, भिंत, टाइल्स सगळं माखतं ते या फेसामुळेच. डाळीतली प्रथिनं आणि साबणासारखे फेसाळणारे घटक पाण्यात उतरतात. उकळी आली की फेस वर चढतो आणि वाफेबरोबर नळीत घुसतो. उपाय सोपे आहेत. डाळ तीन पाण्यांनी धुवा, पहिलं पाणी दुधासारखं दिसतं, ते ओतून द्या. एक वाटी डाळीला दोन ते अडीच वाट्या पाणी. डबा अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका. अर्धा चमचा तेल घाला, तेलाने फेसाचे बुडबुडे टिकत नाहीत. डब्यावर ताटली ठेवा. आणि शिट्टी झाल्यावर आच बारीक करा. एवढं करूनही पाणी उडत असेल तर दोष बहुधा आचेचाच असतो, कारण सगळं नीट केलं तरी गॅस बारीक करायचा कंटाळा कोणाचाही सुटत नाही.

डाळ किंवा भात थेट कुकरमध्ये लावत असाल, किंवा मुगाची खिचडी करत असाल, तर कुकर निम्म्याच्या वर भरायचा नाही. भाज्यांना दोन तृतीयांश चालतो.

[झाकण उजेडाकडे धरून]

हे रोज करायचं. झाकण असं ट्यूबलाइटकडे धरा आणि वाफेच्या नळीतून आरपार बघा. गोल उजेड दिसला पाहिजे. अर्धा चंद्र दिसला तर आत डाळीचं साल किंवा भाताचं शीत अडकलंय. बारीक तार घाला, मागून नळाची धार सोडा, परत बघा. शिट्टीच्या आतली बाजूसुद्धा धुवा, तिथे पिवळा थर साचतो आणि वजन नीट बसत नाही. नळीतून सतत सूं सूं वाफ जाते पण शिट्टी होत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हाच थर असतो.

वाफ झाकणाच्या कडेने जात असेल तर रिंगकडे बघायचं. इथे लोक लगेच नवी रिंग आणतात. त्याआधी एक तपासणी करा, दोन मिनिटं लागतात. वाफ कडेवर नेमकी कुठून येतेय ते बघून ठेवा, समजा मुठीच्या डावीकडून. कुकर गार झाल्यावर रिंग काढा, अर्धा फेरा फिरवून परत बसवा आणि पुन्हा कुकर लावा. गळती आता समोरच्या बाजूला सरकली तर रिंग खराब आहे. गळती तिथेच राहिली, तर रिंग चांगली आहे आणि झाकणाची किंवा कुकरची कड चेपलीय. ती बहुतेकदा डाव आपटून चेपते. वरण ढवळून झाल्यावर डाव कुकरच्या काठावर ठक्कन आपटायची सवय असते ना, ती. चेपलेल्या कडेवर दहा रिंगा बदलल्या तरी काही होणार नाही. ती दुरुस्ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची, हातोडी घेऊन घरी ठोकत बसू नका.

रिंग सैल झालीय आणि पाहुणे दारात आहेत, तर रिंग दहा-पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. रबर आक्रसतं, कडक होतं, एखादा कुकर निघून जातो. हा त्या दिवसापुरता इलाज आहे. कडेला कणीक लावून वाफ अडवणं मात्र करू नका. कणीक नळीत गेली तर कोंडमारा होतो, आणि वाळल्यावर ती खरवडताना कड खराब होते. नवी रिंग घ्यायला जाताना ‘पाच लिटरची द्या’ एवढं सांगून भागत नाही. एकाच कंपनीच्या पाच लिटरच्या दोन कुकरांना वेगवेगळी रिंग असू शकते, आणि आतून बसणाऱ्या झाकणाची वेगळीच. जुनी रिंग सोबत न्या, किंवा झाकणच पिशवीत टाका. रोज दोनदा कुकर लागत असेल तर साधारण वर्षभराने रिंग बदलावीच. रिंग वाकवून बघा, बारीक चिरा दिसल्या तर वर्ष व्हायचीही वाट बघू नका.

डाळ शिजतच नाही, ही बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरांची कायमची तक्रार. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. ते डाळीतल्या पेक्टिनला, म्हणजे पेशी धरून ठेवणाऱ्या डिंकासारख्या पदार्थाला, आणखी घट्ट करतं. डाळ जुनी असेल तर अजूनच हट्टी. लोक चिमूटभर खायचा सोडा टाकतात. डाळ मऊ होते, पण चव साबणासारखी लागते आणि ब-१ जीवनसत्त्व जातं. त्यापेक्षा घरात आरओचा फिल्टर असेल तर फक्त डाळीच्या डब्यात ते पाणी घाला. तळाला बोअरचंच चालेल. दोन-अडीच वाट्यांचाच प्रश्न असतो.

कडधान्यांसाठी मीठ वापरा. ‘मिठाने कडधान्य शिजत नाही’ असं आपल्याकडे सर्रास सांगतात, पण भिजवतानाच्या मिठाचा परिणाम उलटा होतो. एक लिटर पाण्यात दोन चमचे मीठ घालून चवळी, हरभरे, राजमा रात्रभर भिजवा. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडते. सकाळी ते पाणी ओतून द्या, कडधान्य धुऊन घ्या. खरा अडथळा करते आंबट वस्तू. चिंच, आमसूल, टोमॅटो हे सगळं डाळ शिजल्यावर, फोडणीच्या वेळी. हळद-हिंग आधी घातलं तरी चालतं.

आता तळ. हा काळा पट्टा बघा, बरोबर पाण्याच्या रेघेपर्यंत आलाय. ही घाण नाही. जड पाणी थोडं अल्कलीसारखं वागतं, तापलं की अॅल्युमिनियमवर काळपट थर धरतो. रोज तळाच्या पाण्यात लिंबाची पिळलेली साल टाका, किंवा सोलकढीला वापरून झालेली आमसुलं. पाणी किंचित आंबट झालं की थर धरतच नाही. आपल्याकडे बऱ्याच घरांत हे पूर्वीपासून करतात, त्याचं कारण हे.

आधीच काळा झाला असेल तर रेघेच्या बोटभर वर येईल इतकं पाणी घ्या. एका लिटरला दोन चमचे लिंबूसत्व, नाहीतर लिंबाएवढा चिंचेचा गोळा. झाकण न लावता दहा ते पंधरा मिनिटं उकळा, कोमट झाल्यावर काथ्याने घासा. यात सोडा मिसळू नका. आंबट आणि सोडा एकत्र आले की भरपूर फसफसतं, बघायला छान वाटतं, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि हातात खारट पाणी उरतं. नुसता सोडाही अॅल्युमिनियमला नको, सोड्याने अॅल्युमिनियम काळं पडतं. स्टीलच्या कुकरला डाळ करपून चिकटली असेल तर तिथे सोडा उपयोगी पडतो. पाण्यात दोन मोठे चमचे घालून दहा मिनिटं उकळा, करपलेलं पापुद्र्यासारखं सुटतं. आणि काळा, हार्ड अॅनोडाइज्ड कुकर असेल तर चिंच नको, सोडाही नको. तो काळा रंग म्हणजे मुद्दाम चढवलेला थर आहे, तो जपायचा. साबण आणि मऊ स्पंज पुरे.

घाईत कुकर उघडायचा असेल तर परातीत दोन बोटं पाणी घेऊन त्यात कुकर ठेवा, किंवा नळाखाली नेऊन बाजूने धार सोडा, शिट्टीवर नको. डाळ किंवा खिचडी थेट कुकरमध्ये असेल तर चमच्याने शिट्टी उचलून वाफ काढू नका. आतलं पाणी १२० अंशांवर असतं. दाब एकदम उतरला की ते सगळीकडून एकाच वेळी उकळतं आणि गरम डाळ नळीतून उसळते. हात आणि तोंड भाजण्याचे प्रकार इथेच होतात. गार झाल्यावर शिट्टी हलकेच उचलून बघा, फुस्स झालं नाही तरच झाकणाला हात लावा. कधी उलटंही होतं. पाण्याने एकदम गार केल्यावर आतली वाफ आटते, पोकळी होते आणि झाकण घट्ट बसतं. तेव्हा ताकद लावू नका. शिट्टी उचला, हवा आत जाऊ द्या, झाकण आपोआप सैल होईल.

सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर तो खराब निघाला असं समजू नका, त्याने त्याचं काम केलंय. तळ कोरडा पडून कुकर फार तापला की त्यातला मऊ धातू वितळतो आणि वाफेला वाट मिळते. त्या भोकात नाणं, एमसील, बोल्ट काहीही बसवायचं नाही. त्याच कंपनीचा नवा व्हॉल्व्ह आणा. आणि लावण्याआधी पाणी कमी होतं की नळी तुंबली होती ते शोधा, नाहीतर आठवड्यात तोही जाईल.

उकडीचे मोदक, इडली, ढोकळा कुकरमध्ये करताना शिट्टी काढून ठेवायची. यांना १०० अंशांची मोकळी वाफ लागते. दाबाखाली मोदकाची पारी फाटते. वाफेची धार आल्यापासून मोदकांना दहा ते बारा मिनिटं. शिट्टी नसली की वाफ सतत बाहेर जाते, म्हणून पाणी नेहमीपेक्षा एक कप जास्त घाला.

धुतल्यावर रिंग झाकणात तशीच ओली ठेवू नका. काढून, पुसून, गॅसपासून लांब खुंटीला टांगा. झाकण कुकरवर उलटं ठेवा, लावून बंद करू नका, नाहीतर आत कोंदट वास धरतो. आणि पेचकस हाताशी असेल तर मुठीचा स्क्रू आत्ताच एकदा आवळून घ्या.