ब्रदर, जरा इकडे या

सकाळचे सव्वासहा, ठाणे स्टेशन. ट्रान्स हार्बरची लोकल अजून सुटायचीय. कॅमेऱ्यात खिडकीशी बसलेला हा मुलगा बघा, मांडीवर डबा, पिशवीत पांढरे शूज. ऐरोली, रबाळे, घणसोली मागे पडेपर्यंत त्याचा डोळा लागतो आणि उतरायचं स्टेशन आलं की आपोआप उघडतो. बाजूचे काका रोजचे सोबती. पहिल्यांदा त्यांनी विचारलेलं, काय करतोस रे? हॉस्पिटलला असतो. वॉर्डबॉय का? नाही काका, नर्स आहे. तेव्हा काका हसले होते. आता तेच काका स्वतःच्या शुगरचे रिपोर्ट ट्रेनमध्ये त्याला दाखवतात.

हा नवी मुंबईतला मेल वॉर्ड. नाइटच्या सिस्टर ओव्हर देतायत, म्हणजे पेशंटची माहिती पुढच्या ड्युटीला सांगतायत, एकेका बेडशी थांबून, कुणाचं सलाईन किती राहिलंय, कुणाला रात्री ताप आला, कुणाची लघवी कमी झाली. हा ऐकतो आणि तळहाताएवढ्या कागदावर लिहून घेतो. वॉर्डात हाका ठरलेल्या आहेत, सफाईवाल्या बाईंना मावशी, वॉर्डबॉयला मामा, नर्सला सिस्टर आणि याला ब्रदर. तरी दिवसातून दहादा कुणीतरी "सिस्टर" म्हणतंच, तोही "आलो" म्हणतो.

आता त्याचे हात बघा. बेड नंबर चार, वय झालेला पेशंट, शिरा पातळ, हात लावला की बाजूला सरकते अशी शीर. तो दंडाला पट्टा बांधतो, मूठ आवळायला सांगतो आणि मग डोळ्यांनी शोधत नाही, बोटाने शोधतो, हलकं दाबून सोडतो, परत दाबतो. हिरवी सुई जाड, गुलाबी मधली, निळी बारीक, तो निळी घेतो. स्पिरिट लावून वाळू देतो, हे वाळू देणं घाईत सगळ्यात आधी विसरलं जातं म्हणून मुद्दाम दाखवतोय. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने कातडी खाली ताणून शीर धरून ठेवतो, सुई तिरपी आत, मागच्या छोट्या नळीत रक्ताचा ठिपका दिसला की तिथेच थांबतो, कोन आडवा करतो, सुई मागे आणि प्लास्टिकची नळी पुढे. टेप. टेपवर तारीख आणि वेळ. पेशंट म्हणतो, झालं पण?

हे हात तयार व्हायला बीएस्सी नर्सिंगची चार वर्षं लागली, जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा केला असता तर तीन. लेबर रूमची, म्हणजे बाळंतपणाच्या खोलीतली पोस्टिंगसुद्धा त्याने पूर्ण केली, मुलींएवढीच.

मग नर्सिंग हे बायकांचं काम कधी झालं? मध्ययुगात जेरुसलेमच्या हॉस्पिटलात आजाऱ्यांची सेवा करणारे मठातले ब्रदर होते, पुरुष. 1854 मध्ये फ्लोरेन्स नाइटिंगेल 38 बायका घेऊन क्रिमियाच्या युद्धासाठी निघाल्या, 1860 मध्ये लंडनला त्यांची ट्रेनिंग स्कूल सुरू झाली, त्यातून नर्सिंगला शिस्त आणि मान मिळाला, हे ऋण मोठंच आहे. पण पुरुष दाराबाहेर राहिला. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग या नर्सच्या संघटनेने पुरुषांना मेंबर करून घेतलं ते 1960 मध्ये. आपल्याकडे मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचा 1943चा अध्यादेश निघाला त्यात तर ऑफिसर व्हायची अटच "स्त्री" अशी होती.

एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत 80 टक्के जागा बायकांना, 20 टक्के पुरुषांना असं 2019 मध्ये ठरलं, त्यामुळे मार्क असूनही मुलं मागे राहिली, आजही लग्नाच्या बायोडेटात "नर्स" लिहायला घरचे कचरतात. आणि एखाद्या बाई पेशंटला नको वाटलं तर तो निमूट बाजूला होतो, सिस्टरला बोलावतो. यात त्याला वाईट वाटत नाही, तिचा हक्कच आहे तो, असं म्हणतो.

बेड नंबर अकरा. घणसोली गावचे आगरी आजोबा, मांडीचं हाड मोडलंय. दोन दिवस त्यांनी अंग पुसून घेतलं नव्हतं, सिस्टर आल्या की चादर गळ्यापर्यंत ओढून घ्यायचे. पडदा ओढल्यावर कॅमेरा बाहेरच थांबला, आत फक्त पाण्याचा आवाज आणि दोघांचं बोलणं, मासळीचे भाव, गावची जत्रा. पडदा उघडला तेव्हा आजोबांचे केस विंचरलेले, पाठीला पावडर, अंगात धुतलेला सदरा.

दुपारी दोनला ड्युटी संपते. तो ओव्हर देऊन निघतो तेवढ्यात अकरा नंबरवरून हाक येते.

"ब्रदर, उद्या कवा येशील?"

"उद्या इव्हिनिंग आहे आजोबा."

"मंग आंगोल सांजचीच."